आलिशान सहलीचे कथन आणि त्यातील मौने : श्रीलंकेच्या संदर्भात एक चिकित्सा

मराठीत प्रवासवर्णनाची समीक्षा बऱ्यापैकी झालेली आहे. गोडसे भटजींच्या 'माझा प्रवास'पासून पु. ल. देशपांडे यांच्या 'पूर्वरंग'पर्यंतच्या लेखनाकडे आत्मपरता, माहितीपरता, शैली, विनोद अशा अनेक अंगांनी पाहिले गेले आहे. या सगळ्या चर्चेत एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती म्हणजे प्रवास करणारा आणि प्रवास सांगणारा एकच आहे. आजचा सुखवस्तू प्रवासी मात्र बहुधा सांगणारा नसतो, ऐकणारा असतो. त्याने पैसे मोजून एक कथा विकत घेतलेली असते. तिचे कथानक दिवसवार छापलेले असते, तिचा निवेदक गाडीत पुढच्या आसनावर बसलेला असतो आणि तिच्यातील स्थळे, भोजने, सूर्यास्त यांचा क्रम महिनोन्महिने आधी ठरलेला असतो. मार्गदर्शकासह काढलेली आलिशान सहल ही अशा अर्थाने एक संहिता आहे. एखाद्या कादंबरीला आपण जे प्रश्न विचारतो (कोण सांगतो, कोणाला सांगतो, काय गाळतो) ते तिला विचारायला काही हरकत नसावी.

डीन मॅककॅनल यांचा 'द टूरिस्ट' (१९७६) आणि जॉन उरी यांचा 'द टूरिस्ट गेझ' (१९९०) या ग्रंथांनी समाजशास्त्रात ही वाट पाडली. परंतु मॅककॅनल यांचा भर प्रवाशासाठी उभारलेल्या देखाव्यावर आहे आणि उरी यांचा प्रवाशाच्या नजरेवर. सहलीतील निवेदनाला, म्हणजे बोलल्या जाणाऱ्या भागाला, या मांडणीत दुय्यम स्थान मिळते. प्रस्तुत लेखाचा रोख त्या निवेदनाकडे आहे. आलिशान सहल महाग असते ती काय दाखविते म्हणून नव्हे. तीच सिगिरिया, तीच कँडी आणि तोच याला बसने फिरणाऱ्यालाही दिसतो. आलिशानपणाचे खरे मोल दोन प्रसंगांच्या मधला भाग गाळण्यात आहे, असे माझे प्रतिपादन आहे. श्रीलंकेचे उदाहरण घेतले आहे ते अशासाठी की, ६५ हजार ६१० चौरस किलोमीटरच्या या बेटात गाळण्याजोगे फार काही रस्त्याच्या अगदी कडेला उभे आहे.

कथानक आणि त्याचा मार्ग

श्रीलंकेच्या आलिशान सहलीचे कथानक आता जवळजवळ रूढ झाले आहे. विमानतळावरून बाहेर पडताच किनाऱ्यावर किंवा कोलंबोत विश्रांती, मग अनुराधपूर, पोलोन्नरुवा, सिगिरिया, दंबुल्ला यांचा 'सांस्कृतिक त्रिकोण', कँडीचे दंतमंदिर, नुवारा एलियाचे थंड डोंगर आणि चहाचे मळे, एल्लाची रेल्वे, यालाचे बिबटे, आणि शेवटी गॉलचा डच किल्ला व समुद्र. प्राचीनतेकडून भक्तीकडे, भक्तीकडून वसाहतीकडे, वसाहतीकडून अरण्याकडे आणि अखेर किनाऱ्यावरील स्वस्थतेकडे, असा हा आठ-दहा दिवसांचा आलेख आहे. प्रत्येक मुक्कामाला एकच भाव नेमून दिलेला आहे. सिगिरियाला विस्मय वाटावा, कँडीला भाविकता, मळ्यात हळहळमिश्रित सुख. उत्तरेकडचा जाफना या आलेखात बसत नाही. १९८३ ते २००९ या काळातील यादवी युद्ध आणि १९८१ मध्ये जाळले गेलेले जाफनाचे ग्रंथालय (सुमारे ९७ हजार ग्रंथ त्यात नष्ट झाले) या गोष्टींना कोणता भाव नेमून द्यावा, हे कथानकाला ठाऊक नाही. युद्ध संपल्यावर काही कार्यक्रमपत्रिकांत जाफना येऊ लागले, पण ते बहुधा ऐच्छिक पुरवणी म्हणून.

सिगिरियाजवळ थोडे थांबले पाहिजे. पाचव्या शतकात पित्याचा वध करून गादीवर आलेल्या कश्यप राजाने या प्रचंड खडकावर राजधानी बांधली, ही परंपरागत कथा प्रत्येक मार्गदर्शक सांगतो. हा राजवाडा नसून बौद्ध विहार होता आणि भित्तिचित्रांतील स्त्रिया राजस्त्रिया नसून तारादेवीची रूपे आहेत, असे मत तिथल्या पुरातत्त्व खात्याचे माजी प्रमुख राजा डी सिल्वा यांनी मांडले आहे. ते सहलीत फारसे ऐकू येत नाही. पितृहत्येची कथा चढणीच्या बाराशे पायऱ्यांना साथ देते, विहाराची देत नाही, एवढे साधे त्याचे कारण असावे.

खरी मौलिक गोष्ट मात्र त्या चित्रांच्या खालची 'आरसेभिंत' आहे. तिच्या गुळगुळीत गिलाव्यावर मुख्यतः आठव्या ते दहाव्या शतकांत तिथे आलेल्या पाहुण्यांनी सिंहल भाषेत पद्ये कोरून ठेवली. सेनरत परणवितान यांनी त्यांतील ६८५ पद्ये वाचून १९५६ मध्ये 'सिगिरी ग्राफिती' या नावाने प्रसिद्ध केली. लिहिणाऱ्यांत भिक्षू आहेत, अधिकारी आहेत, सैनिक आहेत, स्त्रियाही आहेत. चित्रांतील स्त्रियांच्या रूपाने कोणी घायाळ होतो, तर कोणी त्यांच्या मौनावर रुसतो. महाराष्ट्री प्राकृतातील 'गाथासप्तशती' वाचलेल्या अभ्यासकाला ही लहान, चटकदार, लोकव्यवहारातून आलेली मुक्तके परकी वाटणार नाहीत. मुद्दा असा की हजार-बाराशे वर्षांपूर्वीचा पर्यटक बोलत होता. तो पाहत होता, वाद घालत होता, आणि त्याच्या प्रतिसादाला भिंतीवर जागा होती. आज त्या भिंतीला हात लावणे हा गुन्हा आहे, आणि तो असायलाच हवा. पण आजच्या प्रवाशाने आपला प्रतिसाद नोंदवायचा कुठे? त्यासाठी सहल संपताना एक छापील अर्ज दिला जातो. त्यात खोली, भोजन, वाहन आणि मार्गदर्शक अशी सदरे असतात. निवेदकालाच वाहनाच्या शेजारी बसवून गुण देणारी ही एकमेव साहित्यसंहिता असावी.

निवेदक रात्री कुठे असतो?

श्रीलंकेत मार्गदर्शकाचा व्यवसाय परवान्याने बांधलेला आहे. पर्यटन विकास प्राधिकरण राष्ट्रीय मार्गदर्शक, वाहनचालक-मार्गदर्शक, विशिष्ट प्रदेशाचे आणि विशिष्ट स्थळाचे मार्गदर्शक अशा वर्गांत परवाने देते. त्यासाठी प्रशिक्षण आणि परीक्षा असते. यांतील वाहनचालक-मार्गदर्शक हा आलिशान खासगी सहलीचा कणा आहे. तोच गाडी हाकतो, तोच इतिहास सांगतो, तोच सामान उतरवतो आणि थंड पाण्याची बाटली पुढे करतो. दहा दिवस प्रवाशाच्या कानावर सर्वाधिक पडणारा आवाज त्याचा असतो. इतका सलग आणि इतका नियंत्रित निवेदक आधुनिक कादंबरीतही क्वचितच सापडेल.

आणि हा निवेदक संध्याकाळी कथेबाहेर जातो. श्रीलंकेतील बहुतेक मोठ्या हॉटेलांत चालकांसाठी वेगळे निवासस्थान असते. मुख्य इमारतीच्या मागे, स्वयंपाकघराच्या किंवा गॅरेजच्या बाजूला, अनेकांनी मिळून वापरायची ती खोली असते. तिच्या दर्जाविषयी तिथल्या चालकांची तक्रार जुनी आहे. ज्याने दिवसभर 'आपण आता पोहोचतो आहोत' अशी भाषा वापरली, त्या 'आपण'मधून तो स्वतः हॉटेलच्या दारात वगळला जातो. मराठीत 'आपण' आणि 'आम्ही' असा भेद आहे. ऐकणाऱ्याला सामावून घेणारे सर्वनाम वेगळे, त्याला बाहेर ठेवणारे वेगळे. सहलीचा निवेदक दिवसा पहिल्यात असतो, रात्री दुसऱ्यात.

त्याच्या उत्पन्नाचा प्रश्न निवेदनाशी थेट निगडित आहे. ठरलेल्या मजुरीला बक्षिसीची आणि दुकानांकडून मिळणाऱ्या दलालीची जोड असते. दंबुल्ल्याहून कँडीला जाताना मातालेच्या आसपास मसाल्यांच्या बागांची रांग लागते, पुढे रत्नांची व लाकडी कोरीवकामाची दुकाने येतात. तिथे गाडी थांबते तेव्हा निवेदनाचा सूर बदलतो. दालचिनीच्या औषधी गुणांचे वर्णन अचानक लांबते. साहित्यसमीक्षेत ज्याला आपण अविश्वसनीय निवेदक म्हणतो त्याचे हे अत्यंत पार्थिव उदाहरण आहे. परंतु एवढ्यावरून मार्गदर्शकाला दोषी ठरविणे हे आळसाचे लक्षण ठरेल. अनेक मार्गदर्शक बहुश्रुत असतात, पक्ष्यांची नावे चार भाषांत सांगतात, शिलालेख वाचतात. त्यांना जे ठाऊक असते आणि जे बोलण्याची मुभा असते, या दोहोंत मोठे अंतर आहे. २१ एप्रिल २०१९ रोजी ईस्टरच्या दिवशी तीन चर्च आणि कोलंबोतील तीन आलिशान हॉटेले यांत स्फोट झाले, २५० हून अधिक माणसे मेली. २०१८ मध्ये २३ लाखांवर गेलेली पर्यटकसंख्या कोसळली. त्यानंतर करोनाची साथ आली आणि २०२२ मध्ये देशाची परकीय गंगाजळी संपून इंधनासाठी दिवसदिवस रांगा लागल्या. २०२४ मध्ये पर्यटक पुन्हा २० लाखांपलीकडे गेले. ज्या माणसाने ही पाच वर्षे मोकळ्या गाडीसह काढली, त्याच्याजवळ सांगण्यासारखे किती असेल! ते कार्यक्रमपत्रिकेत नाही. प्रवाशाने विचारलेच तर तो 'आता सगळे ठीक आहे' असे म्हणतो, आणि हे वाक्य त्याच्या नोकरीचा भाग आहे.

मराठी प्रवाशाच्या बाबतीत निवेदनाला आणखी एक थर येतो. मुंबई-पुण्याहून निघणाऱ्या गटासोबत सहल कंपनीचा स्वतःचा व्यवस्थापक असतो. स्थानिक मार्गदर्शक इंग्रजीत किंवा हिंदीत सांगतो, व्यवस्थापक ते मराठीत थोडक्यात आणतो, विनोद घालतो, जेवणाची वेळ सांगतो. मूळ संहिता, तिचा अनुवाद आणि अनुवादकाची संपादने असा तिहेरी प्रकार येथे घडतो.

या निवेदकाला उलटे करून पाहण्याचा सर्वांत धारदार प्रयोग दुसऱ्या एका बेटाच्या संदर्भात झाला आहे. जमेका किंकेड यांचे 'अ स्मॉल प्लेस' (१९८८) हे छोटे पुस्तक कॅरिबियनमधील अँटिग्वा या बेटाविषयी आहे. किंकेड तिथल्याच. पुस्तकाच्या आरंभी त्या पर्यटकाला 'तुम्ही' असे संबोधून विमानतळापासून हॉटेलपर्यंत नेतात. रूप नेमके मार्गदर्शकाचे आहे, फक्त मार्गदर्शक जे गाळतो ते सगळे त्या सांगतात. रस्ता असा का आहे, ग्रंथालय दुरुस्त का झाले नाही, सांडपाणी कुठे जाते. पुस्तकाचा संताप काही ठिकाणी एकसुरी होतो, हे मान्य करूनही त्याची रचना अभ्यासण्याजोगी आहे. सहलीचे निवेदन हा एक वाङ्मयप्रकार आहे आणि त्यामुळे त्याचे विडंबनही शक्य आहे, हे किंकेड यांनी आपल्या लेखनातून सिद्ध केले.

मळेवाल्याचा बंगला

श्रीलंकेच्या आलिशान सहलीचा कळस म्हणजे डोंगरातील चहामळ्यावरचा मुक्काम. हॅटनच्या परिसरात, कॅसलरी जलाशयाभोवती, ब्रिटिश मळेवाल्यांचे जुने बंगले दुरुस्त करून त्यांत मोजक्या खोल्यांची निवासस्थाने केली आहेत. सकाळी बिछान्यापाशी चहा येतो, बटलर संध्याकाळी भोजनाविषयी विचारतो, बागेत गुलाब असतात. नुवारा एलियाच्या १८७६ मध्ये स्थापन झालेल्या हिल क्लबात रात्रीच्या भोजनाला आजही कोट व टाय लागतो आणि ज्याच्याजवळ नसेल त्याला क्लबच्या कपाटातून उसना मिळतो. उसन्या टायची ही सोय मला फार अर्थपूर्ण वाटते. येथे भाड्याने मिळते ती खोली नाही. एक भूमिका मिळते, मळेवाल्याची. पूर्वी मळ्यावरचे तमिळ मजूर साहेबाला 'पेरिय दोरै' आणि त्याच्या साहाय्यकाला 'सिन्न दोरै' म्हणत. आलिशान सहलीचा प्रवासी दोन रात्रींसाठी पेरिय दोरै होतो.

मार्गदर्शक चहाचा इतिहास सांगतो तो खरा असतो. १८६७ मध्ये जेम्स टेलर या स्कॉटिश माणसाने लूलकंदुरा येथे १९ एकरांत व्यापारी चहा लावला. १८६९ मध्ये कॉफीवर तांबेरा आढळला आणि पुढच्या काही वर्षांत कॉफीचे मळे बुडाले. चहाने त्यांची जागा घेतली. ही कथा एका चिकाटीच्या माणसाची आणि एका बुरशीची आहे. त्यात मजूर नाहीत. ते मद्रास इलाख्यातून कंगाणींनी, म्हणजे मुकादमांनी, गोळा करून आणले होते. कॉफीच्या काळात मन्नारकडून मातालेपर्यंतची जंगलवाट ते पायी चालत आणि त्या वाटेवर अनेक जण मरत. १९४८ मध्ये देश स्वतंत्र झाल्यावर त्याच वर्षीच्या नागरिकत्व कायद्याने या समाजातील बहुसंख्य लोक राज्यहीन झाले. १९६४ मध्ये लालबहादूर शास्त्री आणि सिरिमावो बंदरनायके यांच्यात करार झाला. ५ लाख २५ हजार लोक भारताने घ्यावेत, ३ लाख सिलोनने ठेवावेत, उरलेल्या दीड लाखांचे पुढे पाहावे. ती दीड लाखांची बाकी १९७४ मध्ये इंदिरा गांधींच्या काळात निम्मी-निम्मी वाटली गेली. माणसांची अशी वाटणी करणाऱ्या करारात भारत सहीकर्ता होता, ही गोष्ट भारतीय प्रवाशाला तरी मळ्यावर आठवावी. उरलेल्यांच्या नागरिकत्वाचा प्रश्न २००३ च्या कायद्याने मिटला.

बंगल्याच्या व्हरांड्यातून दिसणाऱ्या उतारावर रंगीत ठिपके हलत असतात. पाने खुडणाऱ्या त्या स्त्रिया आहेत. कार्यक्रमपत्रिकेत एक तास 'चहा खुडण्याचा अनुभव' असतो. प्रवाशाला टोपली मिळते, दोन पाने व एक कळी कशी खुडावी ते शिकविले जाते, छायाचित्र निघते. खुडणीवरील स्त्रीला दिवसाला ठरावीक किलो पाने भरावी लागतात आणि न भरल्यास मजुरी कापली जाते, हे त्या तासात येत नाही. दिवसाला १००० श्रीलंकन रुपये मिळावेत यासाठी या कामगारांना अनेक वर्षे झगडावे लागले आणि ती रक्कम २०२१ मध्ये मान्य झाली. पुढच्याच वर्षी रुपया कोसळला. त्यांची घरे म्हणजे वसाहतकाळात बांधलेल्या, एका भिंतीला एक लागून असलेल्या खोल्यांच्या ओळी, ज्यांना तिथे 'लाइन' म्हणतात. आपल्याकडील चाळ डोळ्यांपुढे आणली तर कल्पना येईल. फक्त ती चाळ मालकाच्या जमिनीवर आहे आणि काम सुटले की छप्परही सुटू शकते. बंगला आणि लाइन एकाच काळातील, एकाच व्यवस्थेतील वास्तू आहेत. एकीचे जतन 'वारसा' म्हणून झाले. दुसरी अजून राहती आहे, त्यामुळे तिला वारसा म्हणता येत नाही.

येथे साहित्यानेही सहलीला हातभार लावला आहे, असे म्हणावे लागते. मायकल ओंडात्जे यांचे 'रनिंग इन द फॅमिली' (१९८२) हे डोंगरातील बर्गर कुटुंबांच्या स्वैर, मद्यधुंद, मोहक जीवनाचे चित्र अनेक प्रवासी सोबत घेऊन येतात. पुस्तक म्हणून ते उत्कृष्ट आहे. पण त्यातही मळे पार्श्वभूमीला आहेत आणि मजूर त्या पार्श्वभूमीतही अंधूक. उलट, मळ्यावरच जन्मलेले कवी, कामगार नेते आणि १९४७ मध्ये तळावाकेलेमधून संसदेवर निवडून आलेले सी. व्ही. वेलुपिल्लै यांनी इंग्रजीतच या मजुरांविषयी लिहिले. हॉटेलच्या ग्रंथकपाटात ओंडात्जे असतात तसे वेलुपिल्लै असते तर त्या व्हरांड्यातील संध्याकाळ कशी झाली असती, हा प्रश्न केवळ कल्पनाविलास नाही. कपाटात कोणती पुस्तके ठेवायची हाही सहलीच्या संपादनाचाच भाग आहे.

सीता एलिया

भारतीय प्रवाशासाठी याच डोंगरात दुसरे कथानक उघडते. नुवारा एलियाजवळच्या सीता एलिया येथील मंदिर आणि हक्गला उद्यान हे अशोकवन म्हणून दाखविले जाते. प्रवाहाच्या काठच्या खडकावरील खळगे हनुमंताची पावले ठरतात. श्रीलंकेच्या पर्यटन खात्याने 'रामायण मार्ग' आखला तो प्रामुख्याने भारतीयांसाठी, आणि तिथल्याच अनेक इतिहासकारांनी त्यास आधार नसल्याचे सांगितले. मराठी अभ्यासकाला यात एक गंमत जाणवेल. रामायणातील लंका आजच्या श्रीलंकेत नव्हतीच, ती मध्य भारतात होती, हे मत मांडणाऱ्यांत इंदूरचे सरदार माधवराव किबे आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे ह. धी. सांकलिया ही नावे आहेत. किब्यांनी तर ती अमरकंटकाजवळ मानली. पुण्याहून विमानाने लंका पाहायला निघालेल्या गटाला हे सांगणारा व्यवस्थापक अजून जन्मायचा आहे.

पण स्थाननिश्चितीचा वाद बाजूला ठेवू. श्रद्धेला पुरावा मागणे हे समीक्षेचे काम नव्हे. आक्षेप वेगळा आहे. सीता एलियाचे देऊळ जोपासले ते आसपासच्या मळ्यांवरील तमिळ भाविकांनी. परमुलखात आणली गेलेली, परत जाण्याची वाट नसलेली सीता ही त्या भाविकांना कशी जवळची वाटली असेल, याचा विचार केला तरी ते स्थळ एकदम अर्थाने भरून येते. रामायणाच्या नावाने तिथे आलेला प्रवासी मात्र खडकातील पाऊल शोधतो आणि देवळाच्या पायरीवर बसलेल्या माणसाला ओलांडून पुढे जातो. येथे सहलीने फक्त इतिहास गाळलेला नाही. रामायणाचाच सर्वांत जिवंत अर्थ गाळला आहे.

याला : पाण्याचा प्रश्न

डोंगर उतरून गाडी आग्नेयेच्या कोरड्या प्रदेशात येते. हंबनटोटाच्या परिसरातील याला राष्ट्रीय उद्यान १९३८ मध्ये झाले. त्याआधी तिथे शिकारीसाठी राखलेले क्षेत्र होते. आता तिथे आलिशान तंबू आहेत. वातानुकूल, लाकडी फरशी, काहींत अंगणातच छोटा पोहण्याचा तलाव. पहाटे जीप निघते, बिबटा दिसतो किंवा दिसत नाही, परत येऊन पाण्यात उतरायचे.

याच अरण्याविषयी एक कादंबरी आहे. लेनर्ड वुल्फ १९०४ ते १९११ या काळात सिलोनच्या मुलकी सेवेत होते आणि १९०८ पासून हंबनटोटा जिल्ह्याचा कारभार त्यांच्याकडे होता. इंग्लंडला परतून, नोकरी सोडून, त्यांनी १९१३ मध्ये 'द व्हिलेज इन द जंगल' प्रसिद्ध केली. लेस्टर जेम्स पीरिस यांनी १९८० मध्ये तिच्यावर 'बैद्देगम' हा चित्रपट काढला. बेद्दगम या गावातील शिकारी सिलिंदू, त्याच्या जुळ्या मुली पुंची मेणिका व हिन्निहामी, पुंची मेणिकेचा नवरा बाबून आणि गावप्रमुख बाबेहामी यांची ही कथा. फिरत्या शेतीला (तिथे तिला चेना म्हणतात, आपल्या कोकणात कुमरी म्हणत) सरकारी परवाना लागतो आणि परवाना गावप्रमुखाच्या हाती आहे. कर्ज, परवाना, खोटा खटला अशा पायऱ्यांनी एक कुटुंब नष्ट होते. सिलिंदू शेवटी गावप्रमुखाला व सावकाराला गोळी घालतो. न्यायालयातील प्रसंग सर्वांत भेदक आहे. खटला आरोपींना न कळणाऱ्या इंग्रजीत चालतो आणि त्यांच्या जन्माचा निकाल दुभाष्याच्या तोंडून त्यांना कळतो. वुल्फ स्वतः अशा खुर्चीवर बसत होते. त्यांची तिथली कार्यालयीन रोजनिशी १९६२ मध्ये छापली गेली. तीत मिठागरे आहेत, गुरांची साथ आहे, मारून टाकावी लागलेली रोगी जनावरे आहेत.

या कादंबरीत अरण्य सुंदर नाही. ते भूक आणि तहान आहे. गावाचे तळे आटते, पाऊस येत नाही, आणि माणसे निघून गेली की जंगल झोपड्यांवर चढते. शेवटी एकट्या पुंची मेणिकेभोवती ते मिटत जाते. वुल्फ यांच्या चित्रणात वसाहतवादी अधिकाऱ्याचे भय मिसळलेले आहे, जंगलाला दुष्ट शक्ती मानणे हे गावकऱ्यांचे किती आणि लेखकाचे किती हा प्रश्न उरतोच. पण पाणी हा त्या प्रदेशाचा मूळ विषय आहे, हे त्यांनी ओळखले होते. आणि सहलीच्या संहितेत नेमका तोच विषय नाही. कोरड्या ऋतूच्या अखेरीस, साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास, यालाचा मुख्य भाग काही आठवडे बंद ठेवण्याची प्रथा आहे. म्हणजे कादंबरी ज्या ऋतूत घडते तो ऋतू सहलीच्या दिनदर्शिकेतून वगळलेला आहे. पर्यटकाला जे अरण्य दिसते ते पाणी असलेले अरण्य, आणि त्याच्या तंबूपुढच्या तलावात तर ते बाराही महिने असते.

दुभाष्याचा प्रसंग मला सहलीच्या निवेदकापाशी पुन्हा आणतो. वुल्फ यांच्या दुभाष्याला साक्षीदारांचे म्हणणे न्यायाधीशापर्यंत न्यायचे होते. सहलीच्या मार्गदर्शकाला गावाचे म्हणणे प्रवाशापर्यंत न्यायचे नसते. उद्यानाच्या सीमेवरच्या शेतात हत्ती शिरतात, रात्री राखण करावी लागते, श्रीलंकेत माणूस-हत्ती संघर्षात दर वर्षी दोन्हीकडचे बळी पडतात. जीपमधून हत्ती दिसतो तेव्हा त्याच्या सोंडेचे, कळपाचे, पिलांचे वर्णन होते. शेताचे होत नाही. एखादा मार्गदर्शक बोललाच, आणि असे बोलणारे आहेत, तर गाडीतील शांतता कशी बदलते हे अशा सहलीला गेलेल्या कोणालाही आठवेल.

परतीचा रस्ता

शेवटचा मुक्काम गॉल. १९८८ पासून जागतिक वारसा असलेला हा किल्ला पोर्तुगीजांनी आरंभिला आणि डचांनी उभारला. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत त्याच्या तटांनी आतली वस्ती बरीचशी वाचविली; बाहेरचे बसस्थानक आणि क्रिकेटचे मैदान लाटेखाली गेले. तटाच्या या पराक्रमाची गोष्ट मार्गदर्शक आवडीने सांगतो, आणि ती सांगण्याजोगी आहेही. किल्ल्यातील जुनी घरे आता हॉटेले झाली आहेत.

गॉलहून कोलंबोकडे जाणारा जुना रस्ता समुद्राला लागून जातो. हिक्कडुवाजवळ पेरलिया येथे त्या दिवशी किनारी लोहमार्गावरील गाडी लाटेत सापडली आणि हजाराहून अधिक प्रवासी एका ठिकाणी बुडाले. रेल्वेच्या इतिहासात एवढी जीवितहानी दुसऱ्या अपघातात झालेली नाही. तिथे स्मारक आहे, आणि बुद्धाची उंच मूर्ती आहे. २०११ मध्ये गॉलपर्यंतचा दक्षिण द्रुतगती महामार्ग सुरू झाला, २०१३ मध्ये कोलंबो ते विमानतळ हा दुसरा. किनाऱ्याच्या आत, डोंगरकडेने जाणाऱ्या या रस्त्याने तीन-चार तासांचा प्रवास निम्म्यावर आला. कार्यक्रमपत्रिकेच्या शेवटच्या दिवसाखाली 'द्रुतगती मार्गाने विमानतळाकडे प्रस्थान' असे छापलेले असते, आणि पेरलिया जुन्या रस्त्यावर असते.